नेवाशाची खापरी

पुण्याहून वेरूळ-अजिंठ्याला निघालेली माणसे असोत, की शिंगणापूर उरकून पैठणकडे वळलेली, नेवासा फाटा त्यांना चुकत नाही. फाट्यावर गाडी थांबते. मंडळी उतरतात, चहा घेतात, पाय मोकळे करतात, 'आता संभाजीनगर किती राहिलं हो?' असे कोणाला तरी विचारतात आणि पुन्हा गाडीत बसतात. या फाट्यापासून आत काही किलोमीटरवर एक गाव आहे आणि त्या गावात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, हे यांतल्या बहुतेकांना शाळेत शिकवलेले असते. पण शाळेत शिकवलेल्या गावांना कोण जातो? मी स्वतः त्या फाट्यावर पंधरा-वीस वेळा तरी चहा प्यालो असेन. आत वळण्याची बुद्धी एकदाही झाली नाही. ती अखेर झाली ती माझी नव्हे, आईची. आणि तीही ज्ञानेश्वरीमुळे नव्हे, तर एका फुटक्या मडक्याच्या तुकड्यामुळे.

त्याचे असे झाले. आमची पुण्यातली इमारत पाडून नवी बांधायचे ठरले. दोन-अडीच वर्षे भाड्याच्या जागेत काढायची म्हणून सामानाची आवराआवर सुरू झाली. चाळीस वर्षांत घरात काय काय साठते, हे ज्याने असे घर आवरले आहे त्यालाच कळेल. माळ्यावरून पितळी बंब निघाला, तीन पाट निघाले, माझी सातवीची प्रगतिपुस्तके निघाली. ती मी घाईघाईने फाडली. आईच्या कपाटातून तिच्या आईची, म्हणजे माझ्या आजीची, फणेरपेटी निघाली. आरसा तडकलेला, कुंकवाचा करंडा रिकामा, आणि तळाच्या कप्प्यात खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली एक खापरी. तळहाताएवढी, विटकरी रंगाची, अंगावर काळ्या रंगाच्या तीन आडव्या रेघा.

"हे टाकून देऊ ना?" बायकोने विचारले.

"ती नेवाशाची आहे," आई म्हणाली. "नेवाशालाच टाकायची. मी घेऊन जाणार आहे."

आमची ही तशी समजूतदार. पण सकाळपासून भंगारवाल्याशी हुज्जत घालून ती टेकीला आली होती. ती म्हणाली, "अहो आई, एका खापरीसाठी तिकीट काढून नेवाशाला जायचं?"

"मला तिकीट पडत नाही," आई शांतपणे म्हणाली.

हे मात्र खरे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास फुकट झाला आहे, आणि आईने पंचाहत्तरी केव्हाच मागे टाकली आहे. तिकीट पडणार होते ते मला.

नेवाशाशी आईचे नाते एवढेच, की तिचे वडील तिथे मामलेदार कचेरीत कारकून होते. १९५४ साली बदली होऊन गेले आणि १९५६ साली दुसऱ्या बदलीने निघाले. आई तेव्हा सात-आठ वर्षांची. त्यानंतर ती नेवाशाला कधी गेली नव्हती. 'आमचं नेवासं' असे म्हणून ती कधी काही सांगतही नसे. बाकीच्या बदलीच्या गावांच्या गोष्टी आम्ही लहानपणी पोटभर ऐकल्या. नेवासे तेवढे वगळून. हे माझ्या ध्यानात आले ते एस.टी.त बसल्यावर.

मार्गशीर्षातली सकाळ होती. शिरूर मागे पडले, सुपे मागे पडले. नगरच्या स्थानकावर नव्या नावाची पाटी होती. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले आहे. कंडक्टर मात्र 'नगर, नगर, चला नगरवाले' असेच ओरडत होता. नगर सोडून इमामपूरचा घाट उतरला, की मुलूख सपाट होऊ लागतो आणि थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना ऊस दिसू लागतो. आई खिडकीशी बसली होती. ती म्हणाली, "इथे सगळी ज्वारी असायची." मुळा नदीवर धरण झाले, कालवे आले, सोनईला आणि भेंड्याला साखर कारखाने उभे राहिले, हे सगळे ती निघून गेल्यानंतरचे. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उसाने लादून रस्त्याच्या कडेने चालले होते. आईच्या ओळखीची अशी एकच गोष्ट त्या रस्त्यावर उरली असावी: काळी माती.

फाट्यावर उतरून आम्ही रिक्षा केली. रिक्षावाला चुणचुणीत. "कुठं जायचं आजी? माउलीच्या देवळात का आधी मोहिनीराज?"

"आधी मोहिनीराज," आईने हुकूम सोडला. "गावात आलं की आधी गावच्या देवाला जायचं."

नेवासे खुर्द आणि नेवासे बुद्रुक अशी प्रवरेच्या दोन काठांवर दोन गावे. तालुक्याचे ठिकाण ते खुर्द. गाव तालुक्याच्या कोणत्याही गावासारखेच. रसवंती, खतांची दुकाने, मोबाइलची दुकाने, कचेरीपुढे अर्ज लिहून देणारे, आणि सगळ्यांमधून वाट काढणाऱ्या मोटरसायकली. गल्लीत शिरल्यावर मात्र जुन्या वाड्यांच्या दगडी जोत्यांवर उभी केलेली सिमेंटची घरे दिसू लागतात. आईचे बिऱ्हाड मोहिनीराजाच्या देवळाजवळच होते. वाडा काही सापडेना. मग तिने एक युक्ती काढली. "मोरीच्या खिडकीतून कळस दिसायचा. अस्सा, जरा तिरका." आणि ती कळसाकडे तोंड करून एक-एक पाऊल मागे मागे जाऊ लागली. मागून येणाऱ्या मोटरसायकली थांबल्या. एक भाजीवाली 'आजीला सांभाळा हो' म्हणाली. अखेर एका हार्डवेअरच्या दुकानासमोर आई थांबली. "इथे," ती म्हणाली. तिथे रंगाचे डबे रचून ठेवले होते. तिने दुकानदाराला काही विचारले नाही. मिनिटभर उभी राहिली आणि देवळाकडे वळली.

मोहिनीराजाचे हे देऊळ होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनी अठराव्या शतकात बांधवले. देव म्हणजे विष्णू. पण मोहिनीच्या रूपातला. समुद्रमंथनानंतर अमृताची वाटणी झाली ती इथे, अशी गावाची श्रद्धा. त्या पंगतीत राहू वेष पालटून देवांच्या रांगेत बसला, सूर्य-चंद्रांनी चुगली केली आणि विष्णूने त्याचे डोके उडवले. डोके पडले ती राहुरी, आणि काया पडली ते गोदाकाठचे कायगाव, असे रिक्षावाल्याने आम्हांला सांगितले. मूर्ती पुरुषाची की स्त्रीची, हा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो आणि तसा तो पडावा अशीच ती आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांचे हे कुलदैवत. पुण्या-मुंबईची मंडळी लग्नानंतर नव्या जोडप्याला घेऊन येतात, ओटी भरतात आणि संध्याकाळच्या आत परततात. गावाला आणखीही एक मान आहे. खंडोबाची म्हाळसा ही नेवाशाच्या तिमशेट वाण्याची लेक. म्हणजे जेजुरीच्या देवाची ही सासुरवाडी! आमच्या घरी चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत-भाकरी होते, पण सासुरवाडीचा पत्ता मला पन्नाशीनंतर कळला.

देवळातून बाहेर आल्यावर मी म्हटले, "आता नदीवर जाऊ या? ती खापरी..."

"उद्या," आई म्हणाली.

मग पैस.

ज्ञानेश्वरीच्या जन्मस्थानी आज मोठे मंदिर आहे. ते उभे राहिले ते बन्सी महाराज तांबे यांच्या खटपटीने. मंदिरात मूर्तीऐवजी मध्यभागी आहे तो एक दगडी खांब. या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, ही सातशे वर्षांहून जुनी परंपरा. ग्रंथाच्या शेवटी शके १२१२ हे वर्ष नोंदलेले आहे. म्हणजे इसवी सन १२९०. परंपरेने धरलेले जन्मवर्ष खरे मानले, तर सांगणाऱ्याचे वय पंधरा. आमच्याकडे पंधरा वर्षांच्या मुलाला गॅस बंद कर म्हणून तीनदा सांगावे लागते, हा विचार अशा ठिकाणी मनात येऊ नये. पण आला खरा.

सच्चिदानंदबाबांची कथा अशी, की ही भावंडे पैठणहून आली तेव्हा त्यांची प्रेतयात्रा निघालेली होती. त्यांच्या पत्नीने ज्ञानेश्वरांना नमस्कार केला, तोंडातून सौभाग्याचा आशीर्वाद निघून गेला आणि तो खरा करावा लागला. मेलेला माणूस उठला आणि लेखनिक झाला. कथा कोणी मानो न मानो. मला तिच्यातली एक गोष्ट आवडते: लिहून घेणाऱ्याला इतके महत्त्व देणारी कथा दुसरीकडे मी ऐकलेली नाही.

खांब अगदी साधा आहे. नक्षी बघायला गेलेल्याची निराशा व्हावी असा. पण त्याच्यावर एक जुना लेख कोरलेला आहे, आणि तो ज्ञानेश्वरांविषयी मुळीच नाही. करवीरेश्वर नावाच्या देवापुढे अखंड तेवणाऱ्या दिव्याच्या तेलासाठी कोणी काही दान दिले, त्याची ती नोंद. म्हणजे हा खांब मूळचा एका शिवमंदिराचा. ते मंदिर गेले, दिवा गेला, तेल देणाऱ्याला पुण्य किती लागले ते त्यालाच ठाऊक; आणि त्या मंदिराचा एक खांब तेवढा उरला, कारण कोणे एके काळी एक मुलगा त्याला पाठ टेकून बसला होता! जमाखर्चाच्या नोंदीला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली, असे मी आईला म्हणालो. मला वाटले, ती रागावेल. ती म्हणाली, "आमचे अण्णाही कारकूनच होते." आणि तिने खांबाला हात लावून तो डोळ्यांना लावला.

'पैस' या शब्दाचा अर्थ मोकळी, ऐसपैस जागा. खांबाच्या भोवती दुपारच्या वेळी पाच-सहा माणसे बसली होती. एक म्हातारबुवा मोठ्या टाइपाची पोथी वाचत होते, दोन बायका वाती वळत होत्या. कोणी कोणाला उठवत नव्हते, दर्शनाची रांग नव्हती. आम्ही तासभर बसलो. एवढ्या मोठ्या ठिकाणी एवढा वेळ कोणी बसू देते, याचे श्रेय फाट्यावरून परस्पर निघून जाणाऱ्या त्या शेकडो गाड्यांना आहे.

रात्री गावातच मुक्काम केला. खोली स्वच्छ होती, गरम पाणी सकाळी सहाला मिळाले, जेवायला बाजरीची भाकरी, पिठले आणि शेंगदाण्याची चटणी. याहून अधिक अपेक्षा करणाऱ्यांनी नगरला राहावे.

दुसऱ्या दिवशी तोच रिक्षावाला हजर. त्याच्या मते नेवाशाला येऊन शिंगणापूर, देवगड आणि संगम न करणारा माणूस पाहुणा म्हणण्याच्या लायकीचा नव्हे. शिंगणापूर याच तालुक्यातले. उघड्या चौथऱ्यावर उभी असलेली काळी शिळा हाच तिथला शनिदेव, आणि गावातल्या घरांना दारे नाहीत म्हणून त्याची कीर्ती. २०११ साली तिथे एका बँकेनेही कुलूप नसलेली शाखा उघडली होती. चौथऱ्यावर जायला बायकांना बंदी होती, ती २०१६ साली उठली. आईला मी विचारले, जायचे का? ती म्हणाली, "शनीला मी पुण्यातच तेल घालते." एवढ्यावर शिंगणापूर आटोपले. देवगडला मात्र गेलो. किसनगिरीबाबांनी उभारलेले हे दत्ताचे देवस्थान प्रवरेच्या काठी आहे. झाडलोट पाहून आई खूष. 'चप्पल काढल्यावर पाय मळत नाहीत असं देऊळ' हे तिचे प्रशस्तिपत्र मी इथे नोंदवून ठेवतो.

तिथून प्रवरासंगम. प्रवरा गोदावरीला मिळते ती इथे. अलीकडे टोके, पलीकडे प्रवरासंगम आणि गोदावरीच्या पैलतीरी कायगाव. टोक्याचे सिद्धेश्वराचे देऊळ अठराव्या शतकातले आणि सबंध सफरीत डोळ्यांना सुख देणारे काही असेल तर तेच. भिंतींवर, खांबांवर बारीक कोरीव काम, देवादिकांच्या मूर्ती, आणि तटासारख्या भिंतीतून खाली नदीकडे उतरत गेलेल्या पायऱ्या. पैठणचे जायकवाडी धरण झाल्यापासून त्याचे पाणी मागे इथवर येते. त्यामुळे नदी कसली, तळेच वाटते. पाण्यावर बगळे, आणि महामार्गाच्या पुलावरून धावणाऱ्या ट्रकांचा आवाज.

घाटावर एक नावाडी भेटला. त्याने सांगितले, की रामाने सोन्याच्या हरणाला बाण मारला तो इथेच. बाणाचे टोक पडले ते टोके आणि हरणाची काया पडली ते कायगाव.

"अरे," आई म्हणाली, "काल रिक्षावाला म्हणाला, राहूची काया पडली. तू म्हणतोस हरणाची. नक्की कुणाची?"

नावाड्याने क्षणभर विचार केला. "आजी, गाव मोठं हाय. दोघांची मावली असंल."

आई खळखळून हसली. आणि मग बराच वेळ गप्प झाली. घाटावर दोन-तीन कुटुंबे दहाव्याच्या विधीला आलेली होती. एका नातवाच्या हातात अस्थींचे गाठोडे होते. डोक्याचे केस नुकतेच काढलेले, आणि त्याला कुठे पाहावे ते कळत नव्हते. आई त्याच्याकडे पाहत म्हणाली, "लहान मुलांचं हे काही नसतं रे. ना अस्थी, ना दहावा."

मग तिने सांगितले. सत्तर वर्षांत तिने ते मला सांगितले नव्हते. कदाचित कोणालाच नसेल.

नेवाशाला असताना तिला एक धाकटा भाऊ झाला होता. नाव मधुकर ठेवले होते, पण सगळे बाळच म्हणत. १९५५ च्या श्रावणात अकरा महिन्यांचा असताना त्याला ताप भरला. पाऊस लागलेला, नदीला पाणी, नगरला न्यायचे तर रस्ता बंद. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. अण्णा आणि शेजारचे एक गृहस्थ धोतराच्या पानात काहीतरी गुंडाळून नदीकडे गेले आणि तासाभरात परत आले. कुठे ठेवला, ते मुलांना कोणी सांगितले नाही. आजीलाही सांगितले नाही. त्या काळी बायका विचारीत नसत. आजीने त्यानंतर चार महिने उंबरठा ओलांडला नाही. स्वयंपाक करी, पण बोलत नसे. आई शाळेतून आली, की तिला स्वयंपाकघराच्या दाराशी बसून राहायची भीती वाटे.

"आणि मग थंडीत ते खोदणारे आले," आई म्हणाली.

इथे थोडी माहिती दिली पाहिजे. नेवाशाला प्रवरेकाठी लाडमोड नावाची एक टेकडी आहे. टेकडी कसली, माणसांनी हजारो वर्षे एकाच जागी घरे बांधून, पाडून, पुन्हा बांधून रचत नेलेला उकिरडाच तो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात तिथे उत्खनन केले आणि त्याचा मोठा अहवाल १९६० साली निघाला. वरच्या थरांत मराठेशाहीतल्या आणि मुसलमानी अमदानीतल्या वस्तू. त्यांच्याखाली सातवाहनांचा काळ, त्यात रोमन व्यापाराबरोबर आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे. म्हणजे ज्ञानेश्वरांच्याही हजारभर वर्षे आधी या गावात परदेशची दारू येत होती! त्याच्याखाली ताम्रपाषाणयुगातली, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती: मातीची घरे, दगडाची पाती, तांब्याचे मणी आणि विटकरी रंगावर काळी रेघ ओढलेली सुबक मडकी. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी ती आधी सापडली म्हणून त्यांना जोर्वे मडकी म्हणतात. आणि नदीच्या गाळात त्याहूनही कितीतरी जुनी दगडी हत्यारे. ती इतकी ठळक, की अश्मयुगातल्या एका हत्यार-परंपरेला नेवाशाचेच नाव मिळाले. याच प्रवरेवर वर श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. तिथे १९७४ साली छबू लक्ष्मण भिल या शेतकऱ्याला मुळे खणताना ब्राँझचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ सापडला. चारही मिळून साठ किलोंवर वजन. लोक सिंधू नदीचे कौतुक करतात ते योग्यच आहे. पण आपल्या प्रवरेने काही कमी जपून ठेवलेले नाही.

या लोकांची एक रीत उत्खननात दिसली. मूल दगावले, की ते त्याला दोन मडक्यांत ठेवीत. मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून. आणि ती मडकी गावाबाहेर नव्हे, तर राहत्या घराच्या जमिनीखाली पुरीत. नेवाशाला अशी कितीतरी दफने मिळाली. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांतल्या दोऱ्याचा अंश गंजामुळे टिकून राहिला होता. तपासणाऱ्यांना त्यात रेशमाचे तंतू मिळाले.

"शाळेतली पोरं रोज बघायला पळायची," आई सांगत होती. "मी घरी येऊन सांगितलं, की मडक्यात लहान मूल सापडलं. घरातच पुरलेलं. आईच्या हातात लाटणं होतं. ते तिनं खाली ठेवलं, पदर घेतला आणि मला म्हणाली, चल. चार महिन्यांत पहिल्यांदा बाहेर पडली. तिथे खड्ड्याच्या कडेला उभी राहिली. खड्ड्यात एक मजूर होता, त्याला विचारलं, 'हे घरातच का हो?' तो म्हणाला, 'घरातच बाई. भुईखाली. इथं त्यांची चूल हाय बघा.' आणखी काही बोलली नाही. परत येताना मला म्हणाली, 'त्यांनी घरातच ठेवलं गं.' त्या रात्री तिनं अण्णांना ओरडून सांगितलं, की वाढलेलं ताट निवतंय. आम्ही सगळे दचकलो. इतक्या दिवसांत तिचा आवाजच विसरलो होतो."

खापरी आईने उचलली होती, येताना वाटेत, पोरवयातल्या हावरेपणाने. ओरडा बसेल म्हणून परकराच्या ओच्यात लपवली होती. आजीने ती पाहिली, हातात घेतली, धुतली आणि फणेरपेटीत ठेवली. पुढे पाच बदल्या झाल्या. पुण्याला घर झाले. १९८८ साली आजी गेली आणि पेटी आईकडे आली.

"आता घरच पाडतायत," आई म्हणाली. "भाड्याच्या घरात कशाला न्यायची?"

चार वाजता आम्ही लाडमोडला गेलो. तिथे पाहायला म्हणाल तर काही नाही. काटेरी झुडपे, उतारावर पावसाने पाडलेल्या घळी, आणि खाली प्रवरा. मात्र जिथे पाय ठेवावा तिथे खापऱ्या. लाल, काळ्या, राखी, जाड, पातळ. (कृपा करून कोणी उचलू नयेत. आमच्या आईने उचलली तेव्हा ती आठ वर्षांची होती.) ती चढ चढून दमली होती. एका घळीच्या तोंडाशी तिने खणाचा तुकडा सोडला, खापरी जमिनीवर ठेवली आणि हात झटकले. मी दुसरीकडे पाहत होतो. पुन्हा पाहिले तेव्हा आमची खापरी कोणती, ते मला सांगता आले नसते.

आम्ही दहा पावले उतरलो असू, तोच मागून हाक आली. "ओ आजी! ओ आजी! तुमचं पडलं हे."

शेळ्यांमागचा एक पोरगा धावत आला. दहा-अकरा वर्षांचा असेल. हातात तीच, तीन रेघांची खापरी.

आईने ती घेतली. उलटसुलट करून पाहिली. मग त्याच्याकडे पाहिले. "तुलाच राहू दे," ती म्हणाली.

"मला कशाला? इथं रगड हायेत." तरी त्याने ती घेतली. वजन पाहिले, अंगठ्याने कड चाचपली आणि त्याचा चेहरा उजळला. काय होणार ते मला कळायच्या आत तो नदीकडे चार ढांगा उतरला, अंगाला बाक दिला आणि खापरी पाण्यावर सोडली. आम्ही लहानपणी मुळा-मुठेवर भाकऱ्या पाडायचो, अगदी तशी. संध्याकाळचे उन्ह पाण्यावर पडले होते. खापरी उडत, टेकत, उडत लांब गेली आणि बुडाली.

मी आईकडे पाहिले. ती डोळे बारीक करून नदीकडे पाहत होती.

"चार," ती म्हणाली.

"पाच!" पोरगा वरून ओरडला. "शेवटची तुमाला दिसली न्हाई."

"चारच. मी मोजल्या."

"अवो आजी, पाच!"

मग त्या पाचवीवरून दोघांचे बराच वेळ भांडण चालले. शेळ्या झुडपांत शिरल्या, रिक्षावाला खालून हॉर्न वाजवू लागला. फाट्यावरून पुण्याची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे मला कोणालातरी विचारायचे होते. पण माझ्याकडे लक्ष द्यायला तिथे कोणी मोकळे नव्हते.